कॅलिपरकडून दोन थेंबांकडे

आपल्या क्लबच्या अध्यक्षांची नावे, आजवरच्या कार्यकारिणी आणि प्रकल्पांची वर्षवार यादी या स्मरणिकेत स्वतंत्रपणे दिली आहे. संपादक मंडळाने माझ्याकडे सोपवलेले काम वेगळे आहे. रोटरीने, आणि रोटरीचा एक छोटा घटक म्हणून आपण, मुलांसाठी जे केले त्याचा इतिहास लिहायचा. सगळा इतिहास एका लेखात मावणार नाही, म्हणून मी त्यातला एकच धागा हाती घेतो. आपली संस्था मुलांना मदत करायला शिकली ती पाय लुळा पडलेल्या मुलापासून. तो पाय लुळा पडूच नये म्हणून कामाला लागायला तिला साठएक वर्षे लागली, आणि त्यासाठी देण्याची जुनी रीतच सोडावी लागली. आपल्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

सुरुवात सर्वांना पाठ आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस हे वकील आणि त्यांचे तीन परिचित एका कचेरीत जमले. पुढे पाळीपाळीने एकमेकांच्या कचेऱ्यांत भेटत राहिले, म्हणून नाव रोटरी. शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी १९०७ मध्ये क्लबने खटपट सुरू केली, ते पहिले समाजकार्य. मुलांसाठीच्या कामाचा उगम मात्र शिकागोत नाही. तो ओहायो राज्यातल्या एलिरिया या गावात आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

एलिरियात एडगर ॲलन नावाचे एक व्यावसायिक राहत. मे १९०७ मध्ये तिथे ट्रामगाड्यांचा भीषण अपघात झाला आणि त्यात त्यांचा मुलगा होमर गेला. इतक्या जखमींवर वेळेत उपचार होतील असे रुग्णालय गावात नव्हते. ॲलन यांनी आपला व्यवसाय बाजूला ठेवला, लोकांकडून पैसे जमवले आणि रुग्णालय उभे केले. तिथे काम करताना त्यांच्या लक्षात आले की अपंग मुले गावोगावी आहेत. घरचे लोक त्यांना बाहेर आणत नाहीत, शाळेत पाठवत नाहीत, डॉक्टरला दाखवत नाहीत. या मुलांसाठी १९१५ मध्ये वेगळे रुग्णालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क आणि आसपासच्या भागांत पोलिओची मोठी साथ आली. ॲलन ओहायोतल्या रोटरी क्लबांमध्ये हिंडले आणि त्या क्लबांच्या पाठबळावर १९१९ मध्ये अपंग मुलांसाठीची राज्यव्यापी संस्था उभी राहिली. पुढे ती आंतरराष्ट्रीय झाली. लोक त्यांना ‘डॅडी ॲलन’ म्हणत.

आपल्या रोटरी फाउंडेशनचा निधी १९१७ मध्ये आर्च क्लम्फ यांच्या कल्पनेतून सुरू झाला. त्यात पहिली रक्कम जमा झाली साडेसव्वीस डॉलरची. त्या निधीतून पहिले अनुदान दिले गेले ते १९३० मध्ये, ५०० डॉलरचे, आणि ते ॲलन यांच्या याच संस्थेला. फाउंडेशनच्या तिजोरीतून बाहेर पडलेला पहिला पैसा अपंग मुलांसाठी होता, हे आपल्या प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्याच बैठकीत सांगितले पाहिजे असे मला वाटते.

भारतात रोटरी कलकत्त्याला आली. त्या क्लबला १ जानेवारी १९२० रोजी सनद मिळाली. मुंबईचा क्लब १९२९ चा. पुढची कितीतरी वर्षे ही मोठ्या शहरांतली, इंग्रजीत कामकाज चालवणारी संस्था राहिली. महाराष्ट्राच्या तालुक्यांत ती रुजली स्वातंत्र्यानंतर. डॉक्टर, वकील, कापडाचे आणि भुसारी व्यापारी, कॉलेजचे प्राध्यापक, साखर कारखान्याचे अधिकारी अशी मंडळी एकत्र आली की गावात क्लब होत असे. आपला क्लब त्याच घडणीतला. कामेही तशीच होती: वह्यावाटप, गणवेश, शाळेला बाक, नेत्रतपासणी, रक्तदान. आणि पोलिओ झालेल्या मुलांसाठी कॅलिपरची, म्हणजे लुळ्या पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या-बुटाच्या साधनाची, शिबिरे.

आज तिशीच्या आत असलेल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे, कारण त्यांनी पोलिओचे मूल पाहिलेले नाही. हा विषाणू दूषित हात, पाणी, अन्न यांच्यावाटे तोंडातून शरीरात जातो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. लागण झालेल्या बहुसंख्य मुलांना काहीच होत नाही. सुमारे दोनशेतल्या एकाच्या मज्जातंतूंपर्यंत तो पोचतो आणि हात किंवा पाय कायमचा लुळा पडतो. रात्री ताप आला, सकाळी मूल उभे राहीना, अशी हकीकत आया सांगत. “डॉक्टरांनी सुई टोचली आणि पाय गेला,” असेही अनेक जणी सांगत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते: विषाणू शरीरात असताना स्नायूत दिलेल्या इंजेक्शनाने लकव्याचा धोका वाढतो. साध्या तापाला इंजेक्शन मागू नका आणि देऊ नका, हे सांगत फिरणे हेदेखील आपल्या डॉक्टर सभासदांचे त्या काळातले एक काम होते. देशभरात १९९५ पूर्वीच्या काळात दरवर्षी पन्नास हजार ते एक लाख मुले अशी लुळी पडत असावीत, असा अंदाज आहे.

शिबिराच्या दिवशी नगरपालिकेच्या शाळेचे आवार या मुलांनी भरून जाई. कोणी गुडघ्यावर हात दाबून एकेक पाऊल टाकत येई, कोणी दोन्ही हातांवर शरीर ओढत येई, बरीच मुले बापाच्या खांद्यावर असत. अस्थिरोगतज्ज्ञ तपासत, आखडलेल्या सांध्यांची शस्त्रक्रिया करावी लागेल अशी मुले वेगळी काढत, बाकीच्यांच्या पायांची मापे कारागीर घेत. काही आठवड्यांनी मंडप, पाहुणे, हार, भाषणे आणि कॅलिपरचे वाटप. पहिल्यांदा उभे राहिलेले मूल पाहून भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्या कामाला कोणी कमी लेखू नये. कॅलिपर लागले म्हणून शाळेत गेलेली, शिकलेली, नोकरीला लागलेली माणसे आपल्या तालुक्यात आहेत.

पण त्या शिबिरांनी आपल्याला एक अवघड धडाही दिला. मूल वाढते, कॅलिपर वाढत नाही. वर्षा-दीड वर्षात पट्टा आखूड पडतो, बूट घट्ट होतो, सांध्याची जागा गुडघ्याच्या खाली सरकते. मग मूल ते काढून ठेवते आणि पुन्हा हातावर येते. वाटपाच्या फोटोत जे मूल उभे दिसते, ते पुढच्या वर्षी उभे आहे का, हे पाहायला कोणी जाते का, असा प्रश्न क्लबच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदाने विचारला आणि त्यातून पाठपुराव्याची वही सुरू झाली. गाव, आईवडिलांचे नाव, पायाचे माप, पुढची तारीख. एकदाच द्यायचे आणि मोकळे व्हायचे ही सवय या वहीने मोडली. पुढे पल्स पोलिओच्या कामात जी शिस्त लागली, तिचे बीज मला या वहीत दिसते.

मूळ प्रश्न मात्र तसाच होता. जितक्या मुलांना आपण उभे करत होतो, त्यांहून अधिक दरवर्षी लुळी पडत होती. लस तर होती. जोनास साल्क यांच्या टोचायच्या लशीची परिणामकारकता १९५५ मध्ये जाहीर झाली होती, आणि अल्बर्ट सेबिन यांची तोंडावाटे द्यायची लस साठीच्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आली होती. श्रीमंत देशांतून पोलिओ जवळजवळ गेला होता. इथे लस मुलापर्यंत पोचत नव्हती.

रोटरीने वळण घेतले ते १९७९ मध्ये. देवी रोगाचे निर्मूलन होत आल्याचे पाहून ऑस्ट्रेलियाचे क्लेम रेनुफ यांनी, ते रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष असताना, असे काही आपल्याला करता येईल का याची चौकशी केली. अमेरिकेतले रोटेरियन आणि संसर्गरोगांचे अभ्यासक डॉ. जॉन सेव्हर यांनी सल्ला दिला: एकच रोग घ्यायचा तर पोलिओ घ्या. २९ सप्टेंबर १९७९ रोजी फिलिपिन्समध्ये मनिलाजवळच्या एका आरोग्य केंद्रात तेव्हाचे अध्यक्ष जेम्स बोमर यांनी एका बाळाच्या तोंडात लशीचे थेंब टाकले आणि साठ लाख मुलांच्या पाच वर्षांच्या मोहिमेला सुरुवात झाली. त्या यशावर १९८५ मध्ये पोलिओप्लस जाहीर झाले. बारा कोटी डॉलर जमवायचे ठरले होते. १९८८ पर्यंत जमले ते २४.७ कोटी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा १२५ हून अधिक देशांत दरवर्षी साडेतीन लाख मुले लुळी पडत होती.

भारतात या निर्मूलनाची वाट दाखवणाऱ्यांत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. टी. जेकब जॉन यांचे नाव आधी घेतले पाहिजे. स्थानिक रोटरी क्लबला बरोबर घेऊन त्यांनी ठरलेल्या दिवशी सगळ्या मुलांना एकदम डोस देण्याची पद्धत ऐंशीच्या दशकात वेल्लोरला राबवली. मग दिल्लीत २ ऑक्टोबर १९९४ रोजी, तेव्हाचे दिल्लीचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांच्या पुढाकाराने, दहा लाखांहून अधिक मुलांना एका दिवसात डोस दिले गेले. आणि ९ डिसेंबर १९९५ व २० जानेवारी १९९६ या दोन दिवशी पल्स पोलिओ देशभर झाले. त्या वर्षी तीन वर्षांखालची मुले घेतली होती. पुढे पाच वर्षांखालची सर्व घेतली जाऊ लागली.

सगळ्यांना एकाच दिवशी का, हा प्रश्न तेव्हा आपल्या सभासदांनीही विचारला होता. दवाखान्यात लस मिळतेच, ज्याला हवी तो जाईल, असे अनेकांचे म्हणणे होते. उत्तर असे: तोंडावाटे दिलेल्या लशीतला दुर्बळ विषाणू आतड्यात जागा धरतो आणि रानटी विषाणूला तिथे रुजू देत नाही. गावातल्या सगळ्या मुलांच्या बाबतीत हे एकाच वेळी घडले तर रानटी विषाणूला पुढे जायला मूलच सापडत नाही. घराची सगळी दारे एकदम लावली तरच चोर बाहेर राहतो. म्हणून ज्याने नेहमीचे सगळे डोस घेतले आहेत त्यालाही पुन्हा थेंब द्यायचे. हे पटवून देणे हेच आपल्या कामाचे निम्मे अंग होते.

उरलेले अंग हमालीचे होते, आणि मी हा शब्द आदराने वापरतो आहे. लस उष्णतेने मरते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीतून ती बर्फाच्या चार पॅकच्या मध्ये ठेवून निळ्या डब्यातून बूथवर न्यायची. कुपीच्या लेबलावर एक वर्तुळ असते आणि त्यात फिकट चौकोन; उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो, आणि वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी बाद. पहाटे डबे भरायचे, जीपमधून वाड्यावस्त्यांवर पोचवायचे, दुपारी बर्फ बदलायचा, संध्याकाळी उरलेल्या कुप्या मोजून परत आणायच्या. आपल्या सभासदांच्या गाड्या त्या दिवशी दारात उभ्या राहत नसत. कोणी रिक्षावर कर्णा लावून गल्ल्या पालथ्या घाली, कोणी बूथवर टेबल, सतरंजी आणि सावलीची सोय करी, कोणी कर्मचाऱ्यांच्या जेवणाचे डबे पोचवी. बूथवर बसणाऱ्या अंगणवाडीताई आणि नर्सबाई बाळाला थेंब पाजत, डाव्या करंगळीच्या नखावर मार्करने खूण करत आणि तक्त्यावर एक रेघ ओढत. रेघा ओढायला मदतीला आपण असायचो. फुगे आणि शिट्ट्या आणणे हे तर क्लबचे हक्काचेच काम होते. फुग्याच्या ओढीने आलेली कितीतरी मुले तक्त्यावर आहेत.

सभासदांच्या पत्नींना आपण तेव्हा ‘ॲन’ म्हणत असू. रोटरीत स्त्रियांना सभासदत्व १९८९ पासून खुले झाले, पण तालुक्याच्या गावी ते प्रत्यक्षात यायला वेळ लागला. बूथवरचे आणि नंतर घरोघरचे काम मात्र पहिल्यापासून त्यांच्याच भरवशावर चालले. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कार्यकर्त्याला उंबऱ्यापाशी थांबावे लागे. त्या आत जात, पाळण्यातले बाळ पाहत आणि विचारत, “मावशी, अजून कोणी आहे का लहान? माहेरी आलेली लेक, तिचं बाळ?” १९९९-२००० पासून बूथच्या दिवसानंतर घरोघरी जायचे ठरले आणि दारावर खडूने खुणा होऊ लागल्या: सगळी मुले झाली असतील तर ‘पी’, कोणी राहिले असेल तर ‘एक्स’. एक्सच्या घरी पुन्हा जायचे. ‘एक्स’चा ‘पी’ करण्यात ज्यांनी उन्हातान्हात चपला झिजवल्या त्या आशाताई, अंगणवाडीताई आणि आपल्या भगिनी यांच्या नावांची पाटी आपल्या सभागृहात नाही. ती असायला हवी.

आपल्या तालुक्याचा खरा कस लागला तो उसाच्या फडात. पल्स पोलिओच्या फेऱ्या हिवाळ्यात असतात, कारण त्या दिवसांत विषाणूचा जोर कमी असतो. आणि नेमक्या त्याच महिन्यांत बीड, अहिल्यानगर, परभणी, जालना या भागांतून ऊसतोड टोळ्या आपल्याकडे आलेल्या असतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि त्यांच्याबरोबर पाच वर्षांखालची मुले. गावी त्यांचे घर बंद, म्हणून तिथल्या यादीत त्यांच्यापुढे रिकामा रकाना. इथे त्यांचे घरच नाही, म्हणून इथल्या यादीत ती नाहीतच. दोन जिल्ह्यांच्या दोन्ही याद्या पूर्ण दिसत आणि मूल मात्र सुटलेले असे.

मुकादमाला विचारले तर तो कोयते किती हे सांगे, मुले किती ते त्याला माहीत नसे. कारखान्याच्या शेतकी खात्यात गेल्यावर कोणती टोळी कोणत्या गटात उतरली आहे ही माहिती मिळाली, आणि आपले काही सभासद कारखान्यातच असल्यामुळे ती लवकर मिळाली. तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय रोज फडावर जातो, त्याला तळ ठाऊक असतो. त्याला बरोबर घेतले. दिवसा तळावर गेले तर कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, चिटपाखरू नसे. तोडणी पहाटेच सुरू होते, लहान मुले फडाच्या बांधावर झोळीत असतात. मग वेळ बदलली: एकदा दिवस मावळल्यावर, चुली पेटतात तेव्हा, आणि एकदा सकाळी फडावरच. नेमकी मोजणी करायला शिकवले ते तिथल्या सात-आठ वर्षांच्या मुलींनी. आई फडात असताना धाकट्यांना सांभाळणाऱ्या या मुली. कुठल्या कोपीत कोणाचे बाळ आहे, कोणते काल आजारी होते, कोण आजीबरोबर गावी गेले, हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांच्या मागून कोप्या हिंडलो की एकही मूल सुटत नसे. दुसऱ्या दिवशी गाडीतळावर आणि वजनकाट्यापाशी आलेल्या गाड्यांतल्या मुलांच्या करंगळ्या तपासायच्या. खूण नसेल तर तिथेच डोस.

या कामाने क्लबमध्ये दुसराच प्रश्न उभा केला, आणि तो अजून सुटलेला नाही. करंगळी तपासताना ज्या मुली दिसल्या, त्या शाळेत का नाहीत? त्यातून तळावरच्या मुलांसाठी साखरशाळांना मदत करायचे ठरले. कधी ते चांगले चालले, कधी शिक्षक मिळाले नाहीत, कधी हंगाम आधीच संपला. पोलिओच्या कामाइतकी चिकाटी आपण तिथे दाखवली नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

वीटभट्ट्या, बांधकामांवरच्या झोपड्या, पालांवरची वस्ती, एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन यांचीही हकीकत अशीच. विस्तार करत नाही. काही वस्त्यांत लशीबद्दल अफवा होत्या. हे थेंब पाजले की पुढे मूल होत नाही, ही त्यातली सर्वांत हट्टी. उत्तर प्रदेशात रोटरीने उलेमांची समिती बनवून त्यांनाच पुढे केले. आपल्याकडे मोहल्ल्यातले डॉक्टर, मदरशाचे शिक्षक आणि मशिदीतून होणारी सूचना यांनी काम केले. एका मौलवीसाहेबांनी स्वतःच्या नातवाला सर्वांसमोर बूथवर आणले, त्यानंतर त्या मोहल्ल्यात दार बंद झाले नाही. अफवेपेक्षा कंटाळा जास्त चिवट निघाला. “किती वेळा पाजणार हो? मागच्या महिन्यात तर झाले,” हे वाक्य सुशिक्षित वस्तीतच जास्त ऐकू येई.

तो कंटाळा आपल्यातही शिरला होता, हे इतिहासात नोंदवले पाहिजे. २००२ मध्ये देशात १,६०० मुलांना पोलिओ झाला. पुढे आकडा खाली आला, पण २००६ मध्ये ६७६, २००७ मध्ये ८७४, २००८ मध्ये ५५९ आणि २००९ मध्ये ७४१. त्या वर्षी जगातले जवळजवळ निम्मे रुग्ण भारतातले होते. बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. महाराष्ट्रात अधूनमधून जे सापडत, त्यांच्या विषाणूचे जनुकीय मूळ बहुधा तिकडचेच निघे. मग आपण इथे दर रविवारी कशासाठी राबायचे, त्यापेक्षा डिजिटल वर्ग द्या, वॉटर फिल्टर द्या, पाटीवर नाव तरी राहील, असा सूर बैठकांत निघाला. चर्चा कडाक्याची झाली. न झालेल्या पोलिओचा फोटो काढता येत नाही, ही अडचण खरीच होती. कॅलिपर घालून उभे राहिलेले मूल दाखवता येते. ज्याचा पाय गेलाच नाही असे मूल कोणते, हे त्या मुलालाही माहीत नसते आणि देणाऱ्यालाही. त्या वादात काम थांबवायचे नाही असे ठरले, याचे श्रेय मी त्या काळच्या अध्यक्षांना आणि विशेषतः आरोग्य विभागाशी समन्वय ठेवणाऱ्या सभासदांना देतो. वर्ष बदलले, जुलैत नवे पदग्रहण झाले, नव्या अध्यक्षांना नवे काही करायची उमेद असली तरी पल्स पोलिओ ओलांडून कोणी पुढे गेले नाही.

बदल झाला तो लशीत आणि नियोजनात. जानेवारी २०१० पासून पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या विषाणूंवर एकत्रित चालणारी लस आली. बिहारमधल्या कोसी नदीच्या पुरातल्या वस्त्यांपर्यंत पथके पोचली. फिरस्त्या कुटुंबांच्या वेगळ्या याद्या झाल्या. २०१० मध्ये देशात रुग्ण होते ४२. २०११ मध्ये एक. पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली दीड वर्षाची मुलगी. तिला १३ जानेवारी २०११ रोजी लकवा झाला. तिच्यानंतर भारतात रानटी पोलिओचा रुग्ण नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताचे नाव पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून काढले. योगायोग असा की त्या वर्षी रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष आपल्या शेजारच्या वापीचे कल्याण बॅनर्जी होते. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह संपूर्ण दक्षिणपूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्या संध्याकाळी क्लबमध्ये पेढे वाटले गेले, आणि पेढे आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, मग आपल्या सभागृहात आले. हे फार योग्य झाले.

श्रेयाबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण स्मरणिकांत याबाबत हात सैल सुटतो. भारतातून पोलिओ रोटरीने घालवला असे आपण म्हणू नये. या मोहिमेचा बहुतेक खर्च भारत सरकारने केला. एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना डोस देणाऱ्या वीस लाखांहून अधिक माणसांमध्ये आपण मूठभर होतो. आजारी मुलांच्या शौचाचे नमुने बर्फात घालून पाठवणारे कर्मचारी, ते तपासणारी मुंबईतली एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटरची प्रयोगशाळा, लस बनवणारे परळचे हाफकिन, २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्यात विषाणू शोधणारे संशोधक यांच्याशिवाय आपल्या फुग्यांना आणि शिट्ट्यांना काही अर्थ नव्हता. रोटरीचे स्वतःचे काम तिथे मोठे, जिथे सरकारला एकट्याने जाता येत नव्हते: सगळ्यांच्या आधी हे शक्य आहे असे म्हणणे, पैसा उभा करणे, सरकारे बदलली तरी विषय टेबलावरून उतरू न देणे, आणि आपल्या गावातल्या ओळखी कामाला लावणे. गेट्स फाउंडेशनने २००७ आणि २००९ मध्ये मोठी अनुदाने दिली तेव्हा अट अशी होती की रोटरीनेही आपल्या क्लबांतून वीस कोटी डॉलर जमवावेत. त्यात आपल्या गावातल्या सभासदांचे आणि शाळकरी मुलांनी डब्यांत टाकलेले पैसे आहेत. ज्या देशाचे नाव त्या मुलांनी भूगोलात वाचले होते, तिथल्या बाळासाठी ते गेले.

याच काळात क्लबची मुलांसाठीची इतर कामेही बदलली. जन्मतः हृदयात दोष असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियांना साहाय्य, शाळांत मुलींसाठी स्वच्छतागृहे, हात धुण्याच्या जागा, किशोरवयीन मुलींची रक्तातल्या लोहाची तपासणी. यादी मागे दिली आहे. सगळ्यांत एक गोष्ट समान दिसेल: प्रकल्पाच्या फाइलमध्ये उद्घाटनाच्या फोटोबरोबर वर्षभरानंतरच्या पाहणीचा कागद लावण्याची सक्ती. कॅलिपरच्या वहीतून आलेली ही सक्ती आहे. स्वच्छतागृह बांधले, पण पाणी आहे का, कुलूप कोणाकडे आहे, मुली वापरतात का, हे त्या कागदावर लिहावे लागते.

पोलिओचे काम संपलेले नाही. दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणू २०१५ मध्ये आणि तिसऱ्या प्रकारचा २०१९ मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. पहिला अजून पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात आहे, आणि विषाणूला पासपोर्ट लागत नाही. नोव्हेंबर २०१५ पासून आपल्या नियमित लसीकरणात टोचायची पोलिओ लसही आली आहे. राष्ट्रीय फेरीच्या आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे सूक्ष्म नियोजनाची बैठक होते, तिला क्लबचा प्रतिनिधी जातो. ऊसतोड तळांची यादी, वाहने आणि गाडीतळावरचे पथक या तीन गोष्टी आजही आपल्याकडे आहेत. यापुढे त्या बैठकीला तिशीच्या आतल्या सभासदाने जावे असा कार्यकारिणीने ठराव करावा, अशी मी या लेखातून विनंती करतो.

आणखी एक काम आहे, जे आपल्याच जुन्या वहीत आहे. त्या वहीतली मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. पोलिओने दुबळ्या झालेल्या स्नायूंवर इतकी वर्षे भार पडल्यामुळे त्यांच्यातल्या काहींना या वयात नव्याने अशक्तपणा येतो, सांधे दुखतात, पूर्वी न लागणारी काठी लागते. त्यांचे कॅलिपर जुने आणि जड आहेत. आता हलक्या प्लास्टिकचे मिळतात, पण माप घेणारा कारागीर तालुक्यात उरलेला नाही, त्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागते. वही सेक्रेटरींच्या कपाटात आहे. त्यातले पत्ते तपासून, माणसांना भेटून, येत्या हिवाळ्यात मापे घेण्याचे शिबिर ठेवायचे ठरले आहे. तंत्रज्ञ पुण्याहून येणार आहेत. ज्यांना गाड्या देता येतील त्यांनी नावे द्यावीत.